माहेरची वंशावळ आणि भावकीचा संशय

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४७ वर्षांच्या शिक्षिका असून पुण्यात राहतात. त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. घर शेतकऱ्याचे, आणि भावकीतील तीन-चार कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त तमिळनाडू-केरळात स्थायिक झालेली. गेल्या वर्षी त्या मैत्रिणीच्या सासरच्या कुलसंमेलनाला गेल्या होत्या. तेथे मूळपुरुषापासूनच्या चौदा पिढ्यांचा तक्ता भिंतभर लावला होता आणि कुलवृत्तांताची नवी आवृत्ती प्रकाशित झाली. ‘आमच्याकडे पणजोबांच्या पलीकडे एकही नाव नाही, याची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली,’ असे त्या लिहितात. त्यानंतर घराण्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या हौशी मंडळींच्या मासिक बैठकीला त्या जाऊ लागल्या. परंतु सनदा, वतने आणि मोडी कागदांच्या चर्चेत आपण काय बोलणार, म्हणून मागच्या रांगेत गप्प बसतात. गावी चुलतभावाकडे जुन्या फेरफाराची (जमिनीवरील हक्काच्या बदलाच्या नोंदीची) नक्कल मागितली, तेव्हा ‘लग्न झालेल्या बहिणीला वंशावळ कशाला पाहिजे? सातबाऱ्याला नाव लावायचंय का?’ असे उत्तर मिळाले, आणि सख्ख्या भावानेही ‘हा विषय आता बंद कर’ म्हणून सांगितले. दरम्यान एका गृहस्थांनी पंचवीस हजार रुपयांत घराण्याचा संबंध एका ऐतिहासिक सरदार घराण्याशी लावून देण्याची तयारी दाखवली आहे. ८४ वर्षांच्या आत्यांना मात्र जुने बरेच आठवते. ‘हे काम सोडून द्यावे का, आणि सोडायचे नसेल तर सुरुवात कोठून करावी?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

काम सोडू नका. मात्र ज्या क्रमाने ते तुम्ही हाती घेतलेत तो क्रम बदलावा लागेल, आणि त्याआधी तुमच्या चुलतभावाच्या बोलण्याकडे थोडे सहानुभूतीने पाहावे लागेल. त्यांचे उत्तर तुम्हाला लागले, ते साहजिकच आहे. पण ‘वंशावळ’ हा शब्द तुम्ही संमेलनाच्या मांडवात ऐकलात. त्यांनी तो आयुष्यभर तलाठ्याच्या टेबलापाशी ऐकला आहे. गावात वंशावळ निघते ती कोणी वारल्यावर वारसनोंदीसाठी, वाटपासाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी. २०२३ मध्ये शासनाच्या समितीने जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू केले, तेव्हापासून तर हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यामागे कसला ना कसला सरकारी अर्ज उभा होता. त्यात बहिणीने वंशावळ विचारणे म्हणजे अधिकच नाजूक बाब. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने सर्वच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. तेव्हापासून कितीतरी घरांत बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, आणि कितीतरी घरांत त्यावरून रक्षाबंधन बंद पडले. अशा वातावरणात तुम्ही पहिली गोष्ट मागितलीत ती फेरफाराची नक्कल. आजोबांच्या आठवणी मागितल्या असत्यात, तर कदाचित चहा मिळाला असता.

म्हणून आधी सख्ख्या भावाशी बोला, तेही फोनवर नको. समोरासमोर, शक्य झाल्यास वहिनींच्या देखत. मला कोणती माहिती हवी आहे, ती मी कशी लिहून ठेवणार आहे आणि जे काही सापडेल त्याची एक प्रत तुझ्याकडे राहील, एवढे स्पष्ट सांगा. तलाठी कार्यालयात किंवा तहसिलीत भावांना न सांगता जाऊ नका. अर्ज करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार असला, तरी ती बातमी तुमच्या आधी गावात पोहोचते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. भावकीचा विश्वास बसावा म्हणून ‘हवं तर मी हक्क सोडते’ असे भरात बोलून जाऊ नका. मिळकतीतील हक्काचे काय करायचे, हा तुमचा स्वतंत्र निर्णय आहे, तो वकिलाशी बोलून, शांत डोक्याने घ्यायचा आहे. वंशावळीच्या वहीची किंमत म्हणून तो द्यायचा नाही. दोन्ही विषय वेगळे आहेत हे तुम्ही जितक्या ठामपणे स्वतःशी मानाल, तितके ते समोरच्याला पटण्याची शक्यता अधिक.

आता तुमच्या लाजेविषयी. छापील कुलवृत्तांत नाही म्हणजे घराण्याला इतिहास नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि मला ते मुळातूनच तपासून पाहावेसे वाटते. कुलवृत्तांत कोणाचे झाले? ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखन होते आणि जपून ठेवण्यासारखे कागद होते, त्यांचे. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे (वतनदार व गावकरी यांच्या न्यायसभेपुढे) आपल्या घराण्याची हकिकत सांगणारा ‘करीना’ लिहून द्यावा लागे, निवाड्याचा महजर (सभेचा लेखी निर्णय) होई, त्यावर गावच्या पाटलाची निशाणी नांगर उमटे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, तेव्हा इनामदारांना आपला हक्क पिढ्यांच्या पुराव्यासह पुन्हा मांडावा लागला. या सगळ्या भांडणांतून आणि चौकश्यांतून त्यांच्या वंशावळी कागदावर आल्या. विसाव्या शतकात त्या-त्या घराण्यांतील चिकाटीच्या माणसांनी शेकडो कार्डे-पाकिटे पाठवून त्यांत भर घातली आणि पुस्तके छापली. त्या परिश्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ज्याने निमूटपणे शेत कसले, सारा भरला आणि कोणाशी वतनाचा वाद घातला नाही, त्याचे नाव करीन्यात येण्याचे कारणच नव्हते. बलुतेदारांचे, भूमिहीनांचे आणि गावकुसाबाहेर राहाव्या लागलेल्यांचे तर त्याहून कमी.

तुमच्या भागात शेतकऱ्याच्या पिढ्या लिहून ठेवण्याचे काम दुसऱ्यांनी केले आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी समाजाची माणसे दर काही वर्षांनी आपापल्या ठरलेल्या गावी येतात, ठरलेल्या घरांपुढे उभे राहून त्या घराची वंशावळ वाचून दाखवतात, नवी जन्मलेली नावे वहीत चढवतात आणि धान्य किंवा दक्षिणा घेऊन पुढे जातात. तुमच्या लहानपणी अंगणात बैल घेऊन आलेला कोणी माणूस घडाघडा नावे म्हणत होता का, हे आत्यांना अवश्य विचारा. गावात त्यांचा फेरा शेवटचा कधी झाला, हे पोलीस पाटलांना किंवा पारावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते, आणि त्यांच्या वहीत तुम्ही ज्याला शेवट समजता त्या पणजोबांच्या मागची नावे असण्याची बरीच शक्यता आहे.

दुसरी वही तीर्थक्षेत्रीची. माझे स्वतःचे घर तुमच्यासारखेच, पणजोबांवर अडलेले. वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेले, तेव्हा उपाध्यायांनी आडनावाच्या आधी गाव विचारले, मग तालुका, मग जात, आणि घरातून एक लांबट, कापडात गुंडाळलेली वही आणली. तिच्यात पणजोबांची नोंद होती. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून मजकूर उपाध्यायांच्या हातचा आणि खाली अंगठ्याचा फिकट निळा ठसा. ‘बरोबर मातोश्री, चुलती व धाकटे बंधू वय ६’ असे लिहिलेले. या धाकट्या बंधूंचे नाव आमच्या घरात कोणीच कधी घेतले नव्हते. पुढच्या नोंदीत ते नाहीत. ते सहा वर्षांचे मूल कोठे गेले, हे मला आजही कळलेले नाही, पण आमच्या वंशावळीत आता त्याचे घर आखलेले आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया यांपैकी तुमची माणसे कोठे जात असत, हे विचारून त्या गावाचे उपाध्याय शोधा, आणि जाल तेव्हा आपल्या पिढीची नोंद करून या. तेथे फक्त मुलांची नावे सांगण्याची रीत आहे. तुम्ही मुलींचीही सांगा, ती लिहून घेतात.

मुलींवरून आठवले. मैत्रिणीच्या सासरचा तो तक्ता तुम्ही पुन्हा पाहिलात, तर बहुतेक मुली एका ओळीत, ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर संपलेल्या दिसतील. तसाच तक्ता आपल्या घरासाठी करायचा, असे तुमच्या मनात आहे. पण त्या तक्त्यात तुम्ही स्वतः कोठे असाल? ज्या आत्यांच्या आठवणीवर हे सारे उभे राहणार आहे, त्यांनाही त्यात अर्धी ओळच मिळेल. तुमची वही तुम्हीच आखणार आहात, तेव्हा सुनांची माहेरची नावे आणि गावे, मुलींची सासरे आणि त्यांची मुले यांच्यासाठी सुरुवातीपासूनच जागा ठेवा. लग्नात नाव बदलण्याची पद्धत असल्यामुळे एकच बाई दोन कागदांत दोन बायका होऊन बसते, आणि ते कोडे सोडवणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आत्यांना ‘खापरपणजोबांचं नाव काय?’ असे विचारू नका. परीक्षा घेतल्यासारखे वाटते आणि ‘मला मेलीला काय ठावं’ म्हणून त्या विषय संपवतील. त्यांच्या लग्नाचे विचारा : मांडवात कोण राबले, मामा कोण उभे राहिले, कोण रुसले, वऱ्हाड कोणाच्या गाडीतून गेले. शेतांची नावे विचारा, कारण आंब्याची पट्टी, थोरली विहीर, म्हसोबाचे रान अशा नावांबरोबर ते कोणाच्या वाट्याला गेले हे आपोआप येते, आणि भावकीची कोणती शाखा कोठून फुटली याचा धागा मिळतो. घरात आहेराची जुनी वही असेल, तर ती सोन्याच्या मोलाची समजा. ‘चोळी १, रु. १ आणे ४’ अशा ओळींतून कोणत्या गावची कोणती माणसे किती जवळची मानली जात, हे कळते. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या म्हणवून घ्या. ओवीत बाई भावाचे, माहेरच्या गावाचे, भाच्याचे नाव गुंफते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. तुमच्या आत्यांच्या दहा-वीस ओव्या तुम्हीच उतरवून घ्यायच्या आहेत.

कागदांकडे वळाल तेव्हा फेरफारापासून सुरुवात करू नका. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहा; त्यासाठी भावकीतील कोणाला संशय येत नाही, आणि आजोबांची जन्मतारीख, वडिलांचे नाव तेथे मिळते. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. १८९६ नंतरची प्लेगची वर्षे, दोन मोठे दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांमुळे एकाच घरातील तीन-चार मृत्यू ओळीने दिसतील. मन घट्ट करून पाहा, कारण पुष्कळ वंशावळींतील न उलगडणाऱ्या गाळलेल्या जागा तेथेच असतात. तुमचा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, त्यानंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले, म्हणून जुन्या कागदांवर ‘जिल्हा सातारा’ दिसले तर गाव दुसरे आहे असे समजू नका. फेरफार आणि वारसनोंदवही सर्वांत शेवटी, आणि भाऊ बरोबर आला तर उत्तम. गंमत अशी की ज्या वारसनोंदींना आणि हक्कसोडपत्रांना सगळे घाबरतात, त्यांतच विधवेचे आणि मुलींचे नाव अनेकदा शिस्तीने लिहिलेले असते, जे दुसऱ्या कागदांत क्वचितच सापडते.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एवढे जोडते की प्रत्येक प्रदेशाचे दप्तर वेगळे आहे. गोव्यातील वाचकांनी गावकारीच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) नोंदी आणि चर्चची जन्म-विवाह-मृत्यूची पुस्तके पाहावीत; मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना गिरमिटावर (करारबद्ध मजूर म्हणून) गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शोधता येतात.

मासिक बैठकीत मागच्या रांगेत बसू नका. अशा बैठकांचा खरा उपयोग व्याख्यान ऐकण्यापेक्षा आपला अडलेला कागद चार जाणत्यांपुढे ठेवण्यात आहे. पुढच्या वेळी आत्यांकडची एखादी जुनी पावती किंवा आहेराच्या वहीचे पान यांची छायाप्रत घेऊन जा आणि ‘ही ओळ मला लागत नाही’ एवढेच म्हणा. सनदा वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की वाचून देईल, आणि शेतकऱ्याच्या घरचा कागद त्यांनाही नवा असेल. मोडी शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षणवर्ग घेते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे पहिले दोन महिने जड जातात. पण नावे, गावे आणि तारखा ओळखण्यापुरती लिपी तितक्यात येऊ लागते. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन साधारणतः येतो. पेशवाईच्या कागदांतील ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असले अरबी साल म्हणजे ११६१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून १७६०-६१. हे गणित एकदा बसले की बैठकीतील निम्मी चर्चा तुम्हाला परकी वाटणार नाही. ज्यांच्या गावात अशी बैठक नाही, त्यांनी सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ मागून घ्यावी. पाच माणसे पुरतात.

पंचवीस हजारांच्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्या. आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, असे होत नाही. एकाच आडनावाची, पण निरनिराळ्या देवकांची आणि कुलदैवतांची घरे एकमेकांशेजारी नांदताना आपण पाहतो. कोणतीही वंशावळ मागे नेताना हा मुलगा त्या बापाचा, हे सांगणारी नोंद प्रत्येक पायरीवर हवी. जेथे ती नाही, तेथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घाला आणि ही माहिती कोणी, कोणत्या दिवशी सांगितली ते बाजूला लिहा. तुमच्या नातवंडांना त्या प्रश्नचिन्हाचा उपयोग सरदाराच्या नावापेक्षा अधिक होईल.

संमेलनाची घाई नको. गलाईवाली मंडळी गावच्या यात्रेला घरी येतातच. त्या दोन दिवसांत सोप्याच्या (ओसरीच्या) भिंतीवर एक लांब कागद लावा, तोवर जमलेली नावे त्यावर लिहा आणि खाली पेन्सिली बांधून ठेवा. चुका दाखवायला माणसे आपण होऊन पुढे येतात. आज रागावलेला चुलतभाऊसुद्धा आपल्या आज्याचे नाव चुकलेले पाहून गप्प बसणार नाही. पुढेमागे पुस्तिका छापाल, तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते आणि मोबाइल क्रमांक त्यात घालू नका. फसवणूक करणाऱ्यांना आयते साधन मिळते. दत्तक, दुसरे लग्न, सोडचिठ्ठी यांची नोंद तुमच्या वहीत खरी ठेवा, पण छापण्यापूर्वी ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर थांबा.

हे सगळे पुढचे झाले. आत्यांचे वय पाहता पहिली फेरी याच महिन्यात करा. जाताना जुने फोटो न्या, त्यांच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून घ्या. फोन रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवा आणि त्यांना तसे सांगा. त्या मधेच उठून दूध तापायला ठेवतील, शेजारीण येऊन बसेल, कोणाच्या तरी आजारपणाची गोष्ट अर्धा तास चालेल. रेकॉर्डिंग बंद करू नका, त्या शेजारणीचे माहेरही बहुधा तुमच्याच भावकीत असेल.